सात दिवसांत किती हॉटेले पाहावीत?

मोठ्या शहरात चार-आठ दिवसांसाठी गेलेल्या माणसापुढे रोज दुपारी एक साधा प्रश्न उभा राहतो : आज जेवायचे कुठे? काल जिथे जेवलो तेथील जेवण बरे होते. पण शेजारच्या गल्लीतील हॉटेलात कदाचित याहून चांगले मिळेल. कदाचित वाईटही मिळेल. मग ठरलेल्या ठिकाणीच जावे की नवे ठिकाण पाहावे?

मुंबईचेच उदाहरण घेऊ. दादर-गिरगावच्या मराठी खानावळी, माटुंग्याची उडुपी हॉटेले, फोर्ट आणि धोबीतलावाकडची इराण्यांची हॉटेले, मालवणी आणि गोमंतकीय माशांची ताटे, अशी यादी कितीही लांबवता येईल. काही ठिकाणांना तर मोठा इतिहास आहे. धोबीतलावाजवळचे क्यानी १९०४ सालचे, दादरचे मामा काणे १९१० सालचे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे, तर माटुंगा स्थानकाजवळचे रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह १९४२ सालचे. शिक्षकांचे प्रशिक्षण, एखाद्या कचेरीतील काम किंवा रुग्णालयातील तपासणी अशा निमित्ताने आलेल्या माणसाला हे सगळे पाहणे शक्य नसते. त्याच्याजवळ मोजकी जेवणे असतात आणि मोजकेच पैसे.

हा प्रश्न आमच्यापुढे प्रथम आला तो २०११ साली. आमचे काका डोळ्यांच्या तपासणीसाठी सातारा जिल्ह्यातील गावाहून आमच्याकडे आठवडाभर राहायला आले होते. ते निवृत्त शिक्षक. सकाळी तपासणी होई आणि आम्ही दिवसभर प्रयोगशाळेत, त्यामुळे दुपारचे जेवण ते बाहेरच घेत. पहिल्या दिवशी ते घराजवळच्या एका लहानशा खानावळीत गेले आणि पुढे रोज तिथेच जाऊ लागले. आम्हाला हे काही पटेना. "काका, मुंबईत आलात आणि रोज एकाच ठिकाणी जेवता? निदान दोन-चार ठिकाणे तरी पाहा!" असे आम्ही रोज सांगायचो. ते हसून म्हणायचे, "अरे, तिथली आमटी चांगली असते."

शेवटी सातव्या दिवशी आम्ही सुट्टी काढली आणि त्यांना आग्रहाने एका नव्या, बऱ्यापैकी महाग हॉटेलात घेऊन गेलो. जेवण अगदीच सुमार निघाले. काका काही बोलले नाहीत, पण ताटात बरेच उरले. रात्रीच्या गाडीने ते गावी गेले. त्यानंतर त्यांचे मुंबईला येणे झालेच नाही.

त्या दिवशी चूक कोणाची होती? रोज एकाच ठिकाणी जाणाऱ्या काकांची की शेवटच्या दिवशी नवे हॉटेल शोधणाऱ्या आमची? या प्रश्नाला गणिताच्या साहाय्याने उत्तर देता येते आणि ते आठवी-नववीच्या गणिताच्या फारसे पुढचे नाही.

प्रश्न गणितात मांडू या

कोणताही व्यवहारातील प्रश्न गणितात आणताना काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. आपण अशा धरू :

१) प्रत्येक हॉटेलाच्या जेवणाला ० ते १०० पैकी गुण देता येतात. शिक्षकांना याची सवय असतेच.
२) जेवण्यापूर्वी हॉटेलाविषयी आपल्याला काहीच माहिती नाही. गुण ० ते १०० मधील कोणतेही असण्याची शक्यता सारखीच आहे. म्हणजे अनोळखी हॉटेलाचे सरासरी गुण ५०.
३) एकदा जेवलो की त्या हॉटेलाचे गुण कळतात आणि पुन्हा गेल्यास तेच गुण मिळतात.
४) एकूण जेवणांची संख्या आधीच ठाऊक आहे. आपल्या उदाहरणात ती ७.

उद्देश असा की सात जेवणांच्या गुणांची बेरीज जास्तीत जास्त व्हावी.

आता दोन टोकाच्या पद्धती पाहू. पहिल्या दिवशी जे हॉटेल सापडेल तेथेच सातही दिवस जेवले तर सरासरीने ७ × ५० = ३५० गुण मिळतील. रोज नवे हॉटेल पाहिले तरी सरासरी ३५० च! म्हणजे कधीच न बदलणारा आणि रोज बदलणारा, दोघांची कमाई सरासरीने सारखीच. पहिल्याने काही शोधलेच नाही आणि दुसऱ्याने शोधले त्याचा उपयोग केला नाही. चांगली पद्धत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार.

मधली पद्धत अशी : पहिले काही दिवस नवी हॉटेले पाहायची आणि उरलेले दिवस त्यांतील सर्वांत चांगल्या हॉटेलात जायचे. नवी हॉटेले किती पाहायची? समजा, 'न' हॉटेले पाहिली. त्यांतील सर्वोत्तम हॉटेलाला सरासरीने किती गुण असतील? हे समजण्यासाठी एक मीटर लांबीच्या दोरीवर डोळे मिटून 'न' ठिकाणी खुणा करा. दोरीचे (न + १) तुकडे होतील. कोणत्याच तुकड्याला झुकते माप दिलेले नाही, म्हणून पुष्कळ वेळा हा प्रयोग केल्यास प्रत्येक तुकड्याची सरासरी लांबी सारखीच, म्हणजे १/(न + १) येईल. शेवटची खूण ही सर्वोत्तम हॉटेलाची. ती सरासरीने न/(न + १) वर पडते. दोन हॉटेले पाहिल्यास सर्वोत्तमाचे सरासरी गुण १०० च्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ६७. तीन पाहिल्यास ७५. चार पाहिल्यास ८०. चौथ्या हॉटेलाने ५ गुणांची भर पडली, पाचव्याने फक्त ३.३ गुणांची पडेल. शोधाचा फायदा दर पावलाला कमी होत जातो हे लक्षात घ्यावे.

आता सात जेवणांचा हिशेब करू :

१ हॉटेल पाहिल्यास एकूण ३५० गुण
२ पाहिल्यास १०० + ५ × ६६.७ = ४३३
३ पाहिल्यास १५० + ४ × ७५ = ४५०
४ पाहिल्यास २०० + ३ × ८० = ४४०
५ पाहिल्यास २५० + २ × ८३.३ = ४१७
६ पाहिल्यास ३०० + ८५.७ = ३८६
७ पाहिल्यास ३५०

म्हणजे सात दिवसांच्या मुक्कामात तीन हॉटेले पाहावीत आणि उरलेले चार दिवस त्यांतील सर्वोत्तम हॉटेलात जावे. जेवणांची संख्या 'ज' असेल तर किती हॉटेले पाहावीत याचे सूत्रही मिळते : न = √(२(ज + १)) − १. ज = ७ घातल्यास √१६ − १ = ३. एकतीस दिवसांच्या मुक्कामासाठी √६४ − १ = ७. वर्षभर मुंबईत राहणाऱ्याने ३६५ जेवणांसाठी सुमारे २६ हॉटेले पाहावीत. मुक्काम सुमारे बारा पट झाला, पण पाहायची हॉटेले चौपटीहूनही कमीच वाढली. वर्गमुळाचा हा गुण आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी विकलनाने हे सूत्र स्वतः काढून पाहावे.

हे सूत्र सापडले कसे त्याची हकिगतही गमतीची आहे. १९६५ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळवणारे रिचर्ड फाइनमन आपला मित्र राल्फ लेटन याच्याबरोबर एका हॉटेलात जेवायला गेले होते. नेहमीचा आवडीचा पदार्थ मागवावा की नवा मागवून पाहावा, असा प्रश्न लेटनला पडला. फाइनमन यांनी त्याचे गणित करून टाकले. वरील सूत्र त्यांच्या त्या हस्तलिखित टिपणातील आहे.

गुण पाहून निर्णय घेणारी पद्धत

वरील पद्धतीत एक उणीव आहे. समजा, पहिल्याच दिवशी ९५ गुणांचे हॉटेल सापडले. तरीही "तीन पाहायचीच" म्हणून आणखी दोन हॉटेले हिंडायची का? कोणीही शहाणा माणूस तसे करणार नाही. उलट, तीन हॉटेले पाहिली आणि तिन्ही ४० च्या आतली निघाली, तर तेथेच थांबणेही योग्य नाही. तेव्हा निर्णय घेताना दोन गोष्टी विचारात घेतल्या पाहिजेत : आतापर्यंत सापडलेल्या सर्वोत्तम हॉटेलाचे गुण आणि उरलेल्या जेवणांची संख्या.

समजा, आजचे धरून 'क' जेवणे उरली आहेत आणि आतापर्यंतच्या सर्वोत्तम हॉटेलाचे गुण 'स' आहेत (सोयीसाठी १०० ऐवजी १ पैकी). तेथेच जात राहिलो तर एकूण क × स गुण मिळतील. आज एक नवे हॉटेल पाहिले आणि उद्यापासून दोहोंतील चांगल्या हॉटेलात गेलो, तर आजचे सरासरी १/२ गुण आणि पुढील (क − १) जेवणांचे प्रत्येकी सरासरी (१ + स²)/२ गुण मिळतील. दोन्ही बाजू समान मांडल्या की एक वर्गसमीकरण मिळते आणि ते सोडवल्यावर अगदी सुटसुटीत उत्तर येते :

स = √क / (√क + १)

याला आपण उंबरठा म्हणू. हाती असलेले हॉटेल उंबरठ्याच्या वर असेल तर तेथेच जावे. खाली असेल तर नवे शोधावे. सात दिवसांच्या मुक्कामासाठी १०० पैकी उंबरठे असे येतात :

६ जेवणे उरली असता ७१
५ उरली असता ६९
४ उरली असता ६७
३ उरली असता ६३
२ उरली असता ५९
१ उरले असता ५०

या पद्धतीने वागल्यास सात जेवणांची सरासरी बेरीज सुमारे ४९१ येते. "तीन पाहा आणि थांबा" या पद्धतीपेक्षा ४१ गुण जास्त! जे दिसले त्याचा विचार करून पुढचे पाऊल टाकण्याचा हा फायदा.

उंबरठ्यांच्या या तक्त्याकडे पुन्हा एकदा पाहा. दिवस कमी होतात तसा उंबरठा खाली येतो. म्हणजे मुक्कामाच्या सुरुवातीला आपण चोखंदळ असावे आणि अखेरीस समाधानी. नवे हॉटेल चांगले निघाले तर त्याचा फायदा फक्त आज होत नाही, पुढे उरलेल्या प्रत्येक जेवणाला होतो. दिवस भरपूर असतील तर हा फायदा मोठा असतो. शेवटच्या जेवणानंतर मात्र काहीच उरत नाही. त्या दिवशी मिळालेल्या माहितीची किंमत शून्य असते. म्हणून शेवटच्या दिवशी नवे हॉटेल शोधण्याला अर्थ एकाच परिस्थितीत उरतो, तो म्हणजे आजवरचे सर्वोत्तम हॉटेल सरासरीपेक्षाही वाईट असेल तर.

आमच्या काकांच्या खानावळीला ते स्वतः शंभरपैकी ७५ गुण सहज देत असत. सातव्या दिवशी उंबरठा होता ५०. म्हणजे चूक आमचीच होती आणि ती थोडीथोडकी नव्हती.

मागे फिरता येत नसेल तर?

आतापर्यंत आपण असे धरले की आधी पाहिलेल्या हॉटेलात पुन्हा जाता येते. पण नेहमीच तसे नसते. समजा, तुम्ही मोटारीने महामार्गावरून मुंबईला निघाला आहात. वाटेत सात हॉटेले लागणार आहेत आणि जेवायचे एकदाच आहे. हॉटेल समोर आले की त्याच्या दर्शनावरून, गर्दीवरून ते आधीच्यांपेक्षा चांगले की वाईट एवढे कळते. पण ते मागे टाकले की परत वळता येत नाही. सर्वांत चांगले हॉटेल गाठण्याची संभाव्यता कशी वाढवावी?

हा प्रश्न मार्टिन गार्डनर यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या गणितविषयक सदरात एका खेळाच्या रूपात मांडला आणि तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याचे उत्तर असे : पहिली काही हॉटेले नुसती पाहायची, थांबायचे नाही. त्यानंतर आधीच्या सर्वांपेक्षा चांगले असे जे पहिले हॉटेल येईल तेथे थांबायचे. नुसती पाहायची हॉटेले एकूण संख्येच्या सुमारे ३७ टक्के असावीत. संख्या मोठी असेल तर यश मिळण्याची संभाव्यताही सुमारे ३७ टक्केच येते. हा ०.३७ आला कुठून? गणितातील प्रसिद्ध स्थिरांक 'ई' (२.७१८...) याचा तो व्यस्त आहे. सात हॉटेलांसाठी पहिली दोन सोडावीत. मग सर्वोत्तम हॉटेल मिळण्याची संभाव्यता सुमारे ४१ टक्के येते. डोळे मिटून एक निवडले असते तर ती १४ टक्केच असती.

तीन हॉटेलांचे उदाहरण तर वर्गात फळ्यावर सोडवता येते. उत्तम, मध्यम आणि सुमार अशी तीन हॉटेले सहा वेगवेगळ्या क्रमांनी समोर येऊ शकतात. पहिले सोडून त्याहून चांगले पहिले घ्यायचे, असा नियम लावला तर सहांपैकी तीन क्रमांत उत्तम हॉटेल मिळते. म्हणजे संभाव्यता १/३ वरून १/२ वर जाते.

ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारे केपलर यांना हॉटेल नव्हे, पण पत्नी निवडताना याच प्रकारच्या पेचातून जावे लागले होते. १६११ साली त्यांची पहिली पत्नी वारली. त्यानंतर त्यांनी अकरा स्थळांचा विचार केला आणि १६१३ साली त्यांतील पाचव्या क्रमांकाच्या मुलीशी विवाह केला. अकराचे ३७ टक्के म्हणजे चार. चार स्थळे सोडल्यानंतरची पहिलीच निवड! अर्थात हा योगायोगच. केपलर यांना हा नियम ठाऊक नव्हता.

लोक जातात तिकडे जावे का?

अनोळखी गावात आपण आणखी एक गोष्ट करतो. ज्या हॉटेलात गर्दी असते तिकडे वळतो. इतके लोक येतात त्या अर्थी जेवण चांगले असणार, असा तर्क त्यामागे असतो. तो कितपत बरोबर आहे?

२०१९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर मिळवणारे अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ साली एका शोधनिबंधात हॉटेलांचेच उदाहरण घेतले होते. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई मराठी. त्यांचे उदाहरण थोडक्यात असे : शेजारी शेजारी 'अ' आणि 'ब' अशी दोन हॉटेले आहेत. 'अ' किंचित बरे असावे अशी सर्वसाधारण समजूत आहे. शंभर लोक एकामागून एक येतात. प्रत्येकाला दोन्ही हॉटेलांविषयी स्वतःची अशी थोडी माहिती आहे. शंभरांपैकी ९९ जणांच्या माहितीनुसार 'ब' चांगले आहे. परंतु जो एक 'अ'च्या बाजूचा आहे, तोच नेमका पहिला येतो आणि 'अ'मध्ये शिरतो. दुसरा हे पाहतो. त्याची स्वतःची माहिती 'ब'च्या बाजूची. पण पहिल्याची 'अ'च्या बाजूची असली पाहिजे हे त्याला कळते. दोघांची माहिती एकमेकींना छेदते, मग उरते ती सर्वसाधारण समजूत. तोही 'अ'मध्ये जातो. तिसऱ्याला दुसऱ्याच्या कृतीतून काहीच नवे कळत नाही, कारण दुसऱ्याने स्वतःची माहिती बाजूला ठेवलेली असते. त्यामुळे तिसऱ्याचा हिशेबही तसाच होतो. अशा रीतीने शंभरच्या शंभर लोक 'अ'मध्ये जातात आणि चांगले 'ब' ओस पडते!

यात कोणीही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने उपलब्ध माहितीवरून योग्य तर्क केला. पण प्रत्येकाने इतरांचे पाहून वागल्यामुळे ९९ जणांजवळची माहिती कोणाच्याच उपयोगी पडली नाही. म्हणून गर्दी पाहण्यापेक्षा, त्या भागात राहणाऱ्या दोन-तीन माणसांना त्यांनी स्वतः कुठे जेवून पाहिले हे वेगवेगळे विचारणे अधिक चांगले. स्वतंत्रपणे मिळालेली तीन मते ही एकमेकांचे पाहून बनलेल्या शंभर मतांपेक्षा जास्त मोलाची असतात.

गर्दीचा दुसरा परिणाम म्हणजे जागाच न मिळणे. कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेतील बिकास चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी यावर एक प्रश्न मांडला. कोलकात्यात मजुरांसाठी ठरावीक, स्वस्त दराने जेवण देणारी 'पैसा हॉटेले' असत, त्यावरून त्यांनी प्रश्नाला नाव दिले. समजा, शंभर हॉटेले आहेत आणि शंभर माणसे. प्रत्येक हॉटेलात एकाच माणसाचे जेवण आहे. सगळ्यांनी एकमेकांना न विचारता, वाटेल ते हॉटेल निवडले तर किती जण जेवतील? एखादे हॉटेल रिकामे राहण्याची संभाव्यता ९९/१०० चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. सुमारे ३७ हॉटेलांत अन्न शिल्लक राहील आणि ३७ माणसे उपाशी राहतील. पुन्हा तोच ०.३७, म्हणजे 'ई'चा व्यस्त! अन्न पुरेसे असूनही केवळ वाटणी नीट न झाल्याने माणसे उपाशी राहू शकतात, हा या साध्या हिशेबाचा अर्थ गंभीर आहे. दवाखान्यांतील खाटा आणि रुग्ण यांनाही तो लागू पडतो.

गृहीतकांची तपासणी

कोणत्याही गणिती प्रतिकृतीचे उत्तर तिच्या गृहीतकांइतकेच खरे असते. तेव्हा आपली गृहीतके पुन्हा तपासू.

आपण धरले की एकदा जेवले की हॉटेल कळते. शितावरून भाताची परीक्षा करतात, असे आपण म्हणतो. ती परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातील सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. पण हॉटेलातील आजचे जेवण आणि उद्याचे जेवण ही एका पातेल्यातील शिते नव्हेत. आचारी बदलतो, भाजी बदलते. म्हणून एका वाईट जेवणावरून हॉटेल कायमचे बाद करणे घाईचे ठरते. असा अनिश्चितपणा गृहीत धरला की प्रश्न बराच अवघड होतो. संख्याशास्त्रात त्यावर १९३३ सालच्या टॉमसन यांच्या निबंधापासून काम होत आले आहे. टॉमसन यांच्यापुढे हॉटेले नव्हती, औषधे होती. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे अजून पक्के कळलेले नाही. अशा वेळी पुढच्या रुग्णाला आतापर्यंत बरा दिसलेला उपचार द्यावा की दुसऱ्याची आणखी परीक्षा घ्यावी? तेथे एका चुकीच्या निवडीची किंमत ताटातील उरलेल्या अन्नापेक्षा कितीतरी मोठी असते.

दुसरे गृहीतक असे की आधी काहीच माहिती नाही. येथे काकांची आठवण पुन्हा होते. पुढे एकदा गावी गेलो असता आम्ही त्यांना विचारले, "काका, तुम्ही ती खानावळ पहिल्याच दिवशी कशी शोधली?" ते म्हणाले, "शोधली कुठे? इस्पितळातल्या शिपायाला विचारले, कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारले आणि पेपरवाल्याला विचारले, तुम्ही स्वतः कुठे जेवता? दोघांनी तिचेच नाव सांगितले." म्हणजे त्यांचे पहिले हॉटेल ५० गुणांचे अनोळखी हॉटेल नव्हतेच. शोधाचे काम त्यांनी जेवणापूर्वीच, एक पैसाही खर्च न करता उरकले होते. मग आम्ही त्या सातव्या दिवसाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले, "अरे, परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वर्गात कधी नवा धडा घेतला नाही." आम्हाला एक पान भरून जे गणित करावे लागले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

शाळेशी संबंध

शिक्षकांनी या प्रश्नाकडे लक्ष द्यावे असे वाटण्याचे खरे कारण वेगळेच आहे. उरलेले दिवस जितके जास्त तितका उंबरठा वर, हा निष्कर्ष फक्त जेवणाला लागू नाही. पंधरा वर्षांच्या मुलापुढे आयुष्याची कितीतरी वर्षे आहेत. या वयात नव्या विषयाची, नव्या छंदाची, नव्या पुस्तकाची चव घेऊन पाहण्याचा फायदा सर्वांत मोठा असतो, कारण जे आवडेल त्याचा उपयोग पुढे पन्नास वर्षे होणार असतो. असे असताना पुष्कळ मुले दहावीनंतरची शाखा निवडतात ती कशी? एखाद-दुसरा विषय चाखून, किंवा शेजारची मुले ज्या वर्गात गर्दी करतात तिकडे पाहून. म्हणजे पहिल्याच हॉटेलात सातही दिवस, किंवा बॅनर्जी यांच्या उदाहरणातील 'अ' हॉटेल. शाळेत एखादा मुलगा आज तबला, उद्या पतंग, परवा दुर्बीण असे करत असेल तर त्याला धरसोड करणारा म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ किती 'जेवणे' उरली आहेत हे आठवावे.

आणि हेच गणित दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. घरातील वृद्ध माणसे तीच पुस्तके पुन्हा वाचतात, त्याच मित्रांना भेटतात, तीच आमटी मागतात. त्यांना आपण हट्टी म्हणतो. वास्तविक त्यांनी आपला शोध पूर्वीच केलेला असतो आणि त्याचे फळ ते आता घेत असतात.

वर्गात करून पाहा

१ ते १०० अंकांच्या शंभर चिठ्ठ्या करून एका डब्यात टाका. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक हॉटेल. विद्यार्थ्यांच्या चार गटांनी प्रत्येकी सात 'जेवणे' घ्यावीत. नवे हॉटेल पाहायचे तर चिठ्ठी काढायची. जुन्यात जायचे तर आधीचाच सर्वांत मोठा अंक पुन्हा लिहायचा. पहिल्या गटाने पहिलीच चिठ्ठी सातही वेळा लिहावी. दुसऱ्याने दर वेळी नवी काढावी. तिसऱ्याने तीन काढून थांबावे. चौथ्याने वरील उंबरठ्यांचा तक्ता वापरावा. सात जेवणे झाली की बेरीज करून चिठ्ठ्या डब्यात परत टाकाव्यात. प्रत्येक गटाने हा खेळ निदान वीस वेळा खेळून बेरजांची सरासरी काढावी. एक-दोन वेळा पहिला गटही जिंकेल. तसे का होते, यावर वर्गात चर्चा करावी. वीस खेळांनंतरच्या सरासऱ्या ३५०, ३५०, ४५० आणि ४९१ यांच्या कितपत जवळ येतात ते पाहावे. खेळांची संख्या वाढवली की त्या अधिक जवळ येतात का, हेही तपासावे.

आणि पुढच्या वेळी मोठ्या शहरात जाल तेव्हा पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिंप्याला जरूर विचारा.